एका किल्लीच्या दोन पेट्या

नगरच्या सैनिक कल्याण कचेरीत मी टंकलेखक म्हणून लागले, त्या पहिल्याच दिवशी एक फाईल सोडवताना माझी दोन नखं तुटली. फाईलची नाडी अशी काही बांधली होती की ओढावी तितकी ती आवळतच जाई. शेवटी मी ती दातांत धरली, तेव्हा मागून आवाज आला, "ताई, ओढू नका. ढकला." मागे उभ्या असलेल्या माणसाने नाडीचं एक टोक बोटाने नुसतं आत ढकललं आणि गाठ मुकाट्याने मोकळी झाली. हे ठुबे नाना, आमच्या कचेरीचे कल्याण संघटक. सगळ्या फायली तेच बांधत आणि त्या फक्त त्यांनाच सुटत. आमचे साहेब, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले कॅप्टन, सरळ कात्री चालवायचे. साहेबांनी गाठ कापली की नाना दिवसभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलत.

नगर हे रणगाड्यांचं गाव. सकाळी दूध आणायला निघावं तर रस्त्याने पलटणीच्या गाड्या चाललेल्या असत. आमच्या कचेरीत येणारा प्रत्येक माणूस पायदळातला नाहीतर तोफखान्यातला. त्या सगळ्यांत नाना एकटेच आरमारातले. बुटके, रुंद, डाव्या हातावर कोपरापर्यंत बॉयलरने भाजल्याची खूण, आणि चालताना दोन्ही पाय फाकलेले, जमीन केव्हा कलेल याचा नेम नाही असं धरून चालल्यासारखे. 'समुद्र' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. "मी पान्यात हुतो तवा," असं ते सुरू करायचे.

हा माणूस पारनेर तालुक्यातला. म्हणजे जिथे पावसाळ्यातही लोक आभाळाशी जरा जपूनच बोलतात, तिथला. महायुद्धाच्या काळात भरतीला नगरला आला, तेव्हा दोन रांगा होत्या. फौजेची रांग वळसा घालून मागच्या रस्त्यापर्यंत गेलेली आणि दुसरीत सात-आठच जण. सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून नाना आखूड रांगेत उभे राहिले. ती आरमाराची निघाली. आतल्या साहेबाने विचारलं, पोहता येतं का? नाना म्हणाले, "पानी असंल तर येतंय." साहेब हसला आणि त्याने नानांना भट्टीत कोळसा लोटायला घेतलं. हे सांगताना नानांच्या चेहऱ्यावर जराही हसू नसायचं. आपण काही विनोदी बोललो असं त्यांना खरोखरच वाटत नसे.

नानांचं काम म्हणजे जिल्ह्यातल्या जवानांच्या घरी जाणं. अर्ज, दाखले, अंगठे, पेन्शनीचे कागद. आणि कधीमधी ती दुसरी बातमीही. ती खरं म्हणजे तारेने जाते, पण तार वाचायला गावात माणूस मिळतोच असं नाही, आणि वाचणारा काय वाचेल याचाही भरवसा नाही. म्हणून नाना स्वतः जात. एसटीने तालुक्यापर्यंत, पुढे कुणाची तरी सायकल मागून. हळूहळू असं झालं की खाकी शर्ट, पांढरी टोपी आणि सायकल दिसली की बायका हातातलं काम टाकून भिंतीला धरत. एका गावात एक म्हातारी नुसती नानांना बघून चक्कर येऊन पडली. नाना तिच्या नातवाच्या शाळेच्या दाखल्यासाठी आले होते. त्या दिवसापासून नानांनी एक रिवाज ठेवला. साधं काम असलं की शिवेपासूनच ओरडत निघायचं, "चांगलं काम हाय हो! अंगठ्याचं काम हाय!" शेतात खुरपणाऱ्या बायाही मग हसत. मात्र नाना शिवेवरून गप्प आले, तर ते कुठल्या घराकडे वळतात हे बघायला सगळा गाव उभा राही.

गप्प जायचं असलं तर त्यांचा आणखी एक नियम असे. त्या घरचं पाणी आधी घ्यायचं नाही. दारात गेलं की तांब्या पुढे येणारच, आपल्याकडची रीतच ती. पण नाना तांब्या हातात न घेता उभ्यानेच सांगून टाकत. मी एकदा विचारलं, एवढं काय पाण्याचं? म्हणाले, "पानी पिलं की मानूस पाव्हना होतोय. पाव्हन्याला असलं बोलवत न्हाई, मंग तो इकडचं तिकडचं बोलत बसतो. त्यापरीस आदी सांगावं." आणि सांगायचं तेही आपल्याला पक्कं माहीत असेल तेवढंच. "सुटला असेल", "सापडेल", "देवाच्या मनात असेल तर" असली वाक्यं नानांकडे नव्हती. काही लोकांना नाना दगडाच्या काळजाचे वाटत. खोटं कशाला सांगू, पहिलं वर्षभर मलाही तसंच वाटायचं.

मग एका दिवाळीत एक कार्ड आलं. नानांनी ते कचेरीत मोठ्याने वाचलं: "मयत म्हादूचा समस्त मंडळींस रामराम. मी माझ्या कबरेत सुखरूप आहे." साहेबांसकट सगळे हसले. म्हादू हा खर्डा गावचा, महायुद्धात नानांच्या जहाजावरचा सोबती. त्याचं असं झालं होतं की कुठल्याशा परक्या किनाऱ्याजवळ त्यांचं जहाज सुरुंगावर गेलं. नाना आणि तिघे फळ्यांना धरून किनाऱ्याला लागले. दोन दिवसांनी बाकीचे यायला लागले, पण ते जिवंत नव्हते. पाण्याने चेहरे ओळखण्यापलीकडे गेलेले. त्या चौघांनी वाळूत खड्डे खणले. एकाच्या अंगात म्हादूचा मरून रंगाचा स्वेटर होता, त्याच्या बहिणीने विणलेला, कोपराशी चुकलेल्या टाक्यांचा. नानांनी बिस्किटांच्या खोक्याची फळी घेतली, कोळशाने त्यावर म्हादूचं नाव आणि गाव लिहिलं आणि उशाशी रोवली. पुढे इस्पितळात नेलं तर शेजारच्या खाटेवर म्हादू! थंडी फार म्हणून त्याने स्वेटर पहाऱ्यावरच्या एका पोराला दिला होता. दक्षिणेकडचा नवखा पोरगा, आठवड्यापूर्वी आलेला. त्याचं नावही म्हादूला ठाऊक नव्हतं.

"मग ती फळी?" मी विचारलं.

"तशीच राह्यली," नाना म्हणाले. "जहाज निघालं आमचं. कुनीतरी त्या पोराची वाट बघत असंल, आन् तो निजलाय खर्ड्याच्या म्हादूच्या नावाखाली. मी निजवलाय त्याला." दर दिवाळीला कार्ड आलं की नाना असे हसायचे आणि नंतरचा सगळा दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांच्या काळजाबद्दलचं माझं मत मी त्या दिवाळीला बदललं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली. दोन आठवड्यांत जिंकलीही, नगरात पेढे वाटले गेले. पण त्याच लढाईत गुजरातेत काठेवाडच्या बाजूला आपली एक युद्धनौका बुडाली होती आणि तिच्यावर आमच्या जिल्ह्यातली दोन पोरं होती. एक पारनेर तालुक्यातला दत्तू, दुसरा पुणतांब्याचा अशोक. दोघंही एकाच दिवशी भरती झालेले, दोघंही बिनलग्नाचे. दोन्ही घरी तारा गेल्या: बेपत्ता, मृत समजावे.

दत्तूच्या घरी नानांबरोबर मीही गेले. घरात बायकाच जास्त आहेत, एक बाईमाणूस असू दे बरोबर, असं साहेब म्हणाले होते. दत्तूची आई कोंडाबाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, उंच, हाडापेराची बाई. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "समजावं म्हंजी? त्यास्नी ठाव न्हाई का?"

"न्हाई, आक्का. ठाव न्हाई," नाना म्हणाले.

"मंग ऐका. मेला असंल तर कुटं हाय ते सांगा. जित्ता असंल तर तसं सांगा. मदलं काय सांगू नका मला. मदल्यात ना रडता येत, ना जेवता येत."

परतताना एसटीत नाना एवढंच म्हणाले, "बाई बरोबर बोलली." दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांच्या भिंतीवरचा नकाशा उतरवला, टेबलावर पसरला आणि काठेवाडच्या किनाऱ्यावरच्या गावांची नावं एका कागदावर उतरवून काढली. मग प्रत्येक गावच्या पोस्टमास्तरला नाहीतर शाळामास्तरला एकेक कार्ड, हिंदीत. हिंदी नानांची अशी की तिकडच्या मास्तरांनी ती अंदाजानेच वाचली असणार. "आपके किनारे को कोई हमारा आया क्या?" हे वाक्य मी सुधारायला गेले तर नाना म्हणाले, राहू द्या, बरोबर हाय.

उन्हाळा लागता लागता एक उत्तर आलं, गुजरातीत. कापडबाजारातल्या एका गुजराती व्यापाऱ्याने ते आम्हाला वाचून दाखवलं. एका लहानशा कोळीवस्तीचे शाळामास्तर लिहीत होते. डिसेंबरअखेर एक प्रेत वाळूला लागलं होतं. खलाशाचे कपडे, चेहरा नाही, बिल्ला नाही. जात धर्म कळायला मार्ग नाही, म्हणून वस्तीने नारळही फोडला आणि चादरही घातली. भरतीचं पाणी पोचत नाही अशा उंचवट्यावर पुरलं. कमरेला काळा दोरा होता आणि दोऱ्याला एक पितळी किल्ली. किल्ली जपून ठेवली आहे. कुणी आपलं म्हणणारं आलं तर दगडावर नाव घालायचं आहे.

कमरेचा करदोटा आणि त्याला किल्ली. आमच्याकडच्या माणसाला यापुढे वेगळं काही सांगावं लागत नाही. घरातून निघताना पेटीला कुलूप लावायचं आणि किल्ली करदोट्याला बांधायची, म्हणजे ती पोहायला गेलं तरी अंगावरच राहते. नाना रजा टाकून तिकडे गेले, वाळूचा तो उंचवटा बघून आले आणि किल्ली पाकिटात घालून घेऊन आले. दोन्ही घरी विचारायचं होतं. पारनेर जवळ म्हणून आधी पारनेरला गेलो.

त्या दिवशी नाना शिवेवरून गप्पच आले. तोवर सगळ्या गावाला नानांचा रिवाज माहीत झालेला होता. आम्ही पोचेपर्यंत अंगणात माणसं जमली होती. दत्तूची काळी पत्र्याची पेटी कोंडाबाईनेच बाहेर आणून ठेवली. मागच्या सुटीत तो ती कुलूप लावून ठेवून गेला होता, कारण थोरल्या भावाची चार पोरं घरात आणि त्यांना सगळ्यात हात घालायची खोड. नानांनी किल्ली काढली. "आक्का, तुमी लावता का मी लावू?" कोंडाबाई नुसती बघत राहिली. नानांनी लावली. कुलूप पहिल्याच फेरीला उघडलं.

पेटीत मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं, पुतण्यांसाठी आणलेला बिस्किटांचा मुंग्या लागलेला पुडा होता, आणि कपड्याच्या घडीत एक कोरी करकरीत काळी छत्री होती. कोंडाबाईने छत्री उचलली, उलटसुलट करून पाहिली. "ही कशापायी घेतली यानं?" ती म्हणाली. "पाऊस कुटं हाय हितं?" आणि मग ती जी रडायला लागली ती संध्याकाळपर्यंत. मलाही आवरलं नाही. नाना तिच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी जन्मात कधी न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं. "हाच तुमचा, आक्का. चांगल्या जागी हाय. मी बघून आलोय."

कोंडाबाईने एकच विचारलं, जाळला का नाही? नाना म्हणाले, तिकडं वाळू हाय, लाकूड न्हाई. तिने मान हलवली.

पुढे सगळं रीतीने झालं. दहावा झाला, गावजेवण झालं. कचेरीच्या रजिस्टरात 'ओळख पटली काय' असा रकाना होता. दत्तूच्या ओळीत नानांनी 'होय' लिहिलं. मास्तरांना पत्र गेलं आणि दगडावर दत्तूचं नाव कोरून झाल्याचं उलटपत्रही आलं. पुणतांब्याला नानांनी लिहिलं की सापडला तो पारनेरचा, तुमच्या अशोकची खबर नाही. ते उन्हाळ्याचे राहिलेले दिवस नाना मजेत होते. साहेबांनी फाईल कापली तरी रुसले नाहीत. आपण ती किल्ली पारनेरच्या पहिल्याच घरात लावली आणि पुणतांब्याच्या दुसऱ्या घरात लावलीच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्याही नाही.

त्या साली पाऊस पडलाच नाही. पितृपक्षात दत्तूचा थोरला भाऊ गोदावरीवर पिंड द्यायला पुणतांब्याला गेला. घाटावर माणसं एकमेकांना विचारतातच, कुणाचं, कसं गेलं. त्याने किल्लीची सगळी हकीकत सांगितली. ती गावभर झाली. चार दिवसांनी सकाळी कचेरी उघडते न उघडते तोच एक गृहस्थ खांद्यावर काळी पत्र्याची पेटी घेऊन जिना चढून आले. अशोकचे वडील, गंगाधर आण्णा. बागायतदार माणूस, धोतर-पैरण, कपाळाला बुक्का. बायको अशोक लहान असतानाच गेलेली, त्यांनीच पोराला वाढवलं.

"पेटी आनलीया," ते म्हणाले. "लावून बघा."

किल्ली कोंडाबाईने नानांपाशीच ठेवायला दिली होती. नानांनी टेबलाच्या खणातून ती काढली. मी मशीन थांबवलं. कुलूप उघडलं.

आत दाढीचं सामान होतं, एक सोलापुरी चादर, आणि शाळेत धावण्यात मिळालेला पितळी बिल्ला. आण्णा बिल्ल्याकडे बघत होते. नाना उठले, टोपी घातली आणि किल्ली घेऊन बाहेर पडले. तासाभराने परत आले. बाजारात पत्र्याच्या पेट्यांचं एक दुकान होतं, भरती झालेल्या पोरांना नाना स्वतःच तिथे पाठवत. कुलूप पेटीबरोबरच मिळे. "दुकानात बारा पेट्या हुत्या," नाना म्हणाले. "या किल्लीनं तीन उघडल्या."

आण्णांना उलगडायला थोडा वेळ लागला. "म्हंजी माझा न्हाई म्हनताय?"

"न्हाई म्हनत न्हाई. व्हय बी म्हनत न्हाई. तुमचा असंल, त्यांचा असंल, तिसऱ्याच कुनाचा बी असंल. मला ठाव न्हाई, आण्णा."

"मंग पारनेरच्या बाईला कसं व्हय म्हनलात?"

आण्णा रागाने बोलले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. नानांनी रजिस्टर मागून घेतलं, दत्तूच्या ओळीतलं 'होय' खोडलं आणि तिथे 'अनिश्चित' लिहिलं. शाई वाळायच्या आत रजिस्टर मिटलं, त्यामुळे समोरच्या पानालाही डाग पडला.

कोंडाबाईला सांगू नये, असं साहेबांचं मत. माझंही तेच होतं. बाई सावरली आहे, रोज कामावर जाते आहे, तिच्या पदरातलं एवढंसं समाधान काढून कुणाचं भलं होणार? मी नानांशी भांडले त्यावर. तुमच्या खरेपणाची हौस भागेल, पण त्या बाईने काय करायचं, असं काहीतरी तोडून बोलले. नाना म्हणाले, "ताई, एकदा वाळूत केलं ते केलं. तवा सांगायला कुनी न्हवतं. आता हाय." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते गेले.

पुढचं मला नानांनी सांगितलं नाही, कोंडाबाईने पुढे एकदा सांगितलं. ती तेव्हा दुष्काळी कामावर होती, रस्त्याची खडी फोडायला. नाना उन्हातून चालत तिच्या ढिगापाशी आले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, कुठेही मऊ न करता. ऐकून कोंडाबाई अशी पेटली की बाजूच्या बायका हातोड्या टाकून उठल्या. "दहावा केला! मान्सं जेवून गेली! पोरगा गेला म्हनून म्या छाती पिटून घेतली, आन् आता म्हनता ठाव न्हाई? मंग मी आता काय करू? फिरून दारात बसू का त्याच्यासाटी?"

नाना म्हणाले, "चुकलं माजं, आक्का."

ती पुन्हा खाली बसली आणि खडी फोडायला लागली. गेला नाही हा माणूस. तिच्यासमोर बसला, पडलेली एक हातोडी घेतली आणि तोही फोडायला लागला. दोघं कितीतरी वेळ खडी फोडत राहिली. मुकादम आला, त्यालाही कुणी काही सांगितलं नाही. ऊन कलल्यावर कोंडाबाईने विचारलं, "त्यांच्या पेटीत काय निघालं?"

नानांनी सांगितलं.

"छत्री न्हाई?"

"न्हाई."

"त्याची आई हाय का?"

"न्हाई. एकला बापच हाय."

कोंडाबाईने आणखी चार दगड फोडले. मग म्हणाली, "त्यांना म्हनावं चला. मी बी येते. जागा तर बघू. दोगांनी मिळून ठरवू काय ते." दुसऱ्या दिवशी नाना कचेरीत आले तेव्हा दोन्ही तळहातांना फोड होते. टाचणीने फोडत बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, काम केलं जरा.

संक्रांत झाल्यावर तिघं निघाली. कोंडाबाई, गंगाधर आण्णा आणि नाना. एसटी, रेल्वे, परत एसटी. आठ दिवसांनी नाना स्टँडवरून थेट कचेरीत आले, डोक्यापासून पायापर्यंत धूळ, हातात पिशवी. मी चहा मागवला. नानांनी मला तिथली हकीकत सांगितली ती अशी.

कोंडाबाईने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. म्हणाली, "येवढं पानी हितं पडलंय, आन् आमी खडी फोडतोय." मास्तर आणि वस्तीतल्या बायका त्यांना उंचवट्यावर घेऊन गेल्या. दगड होता, दत्तूचं नाव होतं. कोंडाबाईला वाचता येत नव्हतं, तिने दगडाशी बसून अक्षरांवरून हात फिरवला. तिने विचारलं, डोकं कुठल्या अंगाला? मास्तरांनी दाखवलं. मग कोंडाबाई तिथून उठली आणि आण्णांना म्हणाली, "तुमी बसा डोक्याकडं. मी बसले हुते मघा."

आण्णा म्हणाले, "न्हाई न्हाई, तुमी आई. तुमी बसा."

"आवं, बसा की. तुमी आत्ता आलाय."

"असं कसं, तुमच्या दत्तूचं नाव हाय त्याच्यावर."

"पंगतीत बसायला लाजत्यात तसं चाललं हुतं बगा दोगांचं," नाना म्हणाले. "शेवटी दोगं बी डोक्याकडंच बसली. अंग चोरून."

चहा तसाच होता.

मग आण्णांनी पाथरवट बोलावला. अशोकचं नाव खाली घालून घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कोंडाबाई म्हणाली, खाली नाही, वर. पाथरवटाला मराठी कळेना, मास्तरांनी समजावलं. वर जागा होती थोडी. आण्णा संकोचले. तेव्हा कोंडाबाई म्हणाली, "असू द्या वर. माज्या दत्तूनं इतके दिस एकट्यानं जागा धरली. आता तुमचा आला, त्याला बसू द्या."

पाथरवटाने नानांकडे पाहिलं. कोरू का? दोघांपैकी एक नाव तरी खोटं असणार, कदाचित दोन्ही. खर्ड्याच्या म्हादूची ती फळी ज्या माणसाला तीस वर्षं झोपू देत नव्हती त्याला हे विचारलं जात होतं. नाना म्हणाले, "मी म्हनलं, कोर. दोगांनी मिळून ठरवलंय, मदलं काय राह्यलं न्हाई."

मी भांडले होते नानांशी, आणि ते मला तेव्हा फार आठवत होतं.

नाना पुढे काही वर्षांनी निवृत्त होऊन गावी गेले. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी बाळंतपणाच्या रजेवर होते, म्हणून हार घातलेले नाना काही मी पाहिले नाहीत. मी बघितलेले शेवटचे नाना, म्हणजे मनात राहिलेले, ते त्याच धुळीने भरलेल्या दिवशीचे. त्यांनी रजिस्टर मागितलं. दत्तूची ओळ काढली. 'अनिश्चित' खोडलं आणि तिथे 'होय' लिहिलं. मग अशोकची ओळ काढली, ती कोरी होती. तिथेही 'होय' लिहिलं. 'दफन कोठे' या रकान्यात दोन्हीकडे त्या वस्तीचं नाव घातलं आणि खाली सही केली.

साहेब आतून आले, त्यांनी वाकून पाहिलं. "ठुबे, दोन्ही?"

"व्हय साहेब. दोन्ही."

नानांनी रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. "ताई, दोन नकला काढा. एक पारनेरला जाऊ द्या, एक पुनतांब्याला." मी मशीनला कागद लावला, मधे कार्बन घातला. नाना बसले नाहीत. माझ्या टेबलाशी पाय फाकून उभे राहिले आणि दुसरं 'होय' कागदावर उमटेपर्यंत हलले नाहीत.